उपयोजित संशोधन : कोणाच्या उपयोगाचे?

गेल्या पावसाळ्यात भिवंडीतील एका यंत्रमाग कारखान्यात तासभर उभा होतो. बसायला जागा नव्हती आणि बोलायला आवाज पुरत नव्हता. लांबट पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस साधे माग दाटीवाटीने मांडलेले. प्रत्येक मागावर धोटा मिनिटाला शे-सव्वाशे वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जात होता. कामगार एकमेकांशी खुणांनी बोलत होते. माझ्यासमोरच्या मागावरील कांडी संपली. कामगाराने माग थांबवला, धोट्यात नवी कांडी बसवली, धोटा ओठांशी नेला आणि त्याच्या छिद्रातून सूत श्वासाने ओढून घेतले. दुसऱ्या क्षणी माग पुन्हा सुरू. सुताबरोबर आलेली खळ आणि तंतू त्याने बाजूला थुंकून टाकले आणि गालातली तंबाखू सावरली. बारा तासांच्या पाळीत हे तो किती वेळा करतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्या माणसाच्या ओठांना लागतो.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात ठाणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने भरवलेल्या ‘राष्ट्रीय परिषदे’ला पत्रकार म्हणून हजर राहण्याची पाळी आली. विषय होता उपयोजित संशोधन. दीपप्रज्वलन झाले, सरस्वतीवंदना झाली, शाल-श्रीफळांचे आदानप्रदान झाले आणि एक जाडजूड स्मरणिका हाती पडली. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, वित्त अशा चारही शाखांचे निबंध एकाच पुठ्ठ्यात बांधलेले. मी कला शाखेचा पदवीधर. समीकरणे दिसली की पान उलटतो. पण शब्द मला वाचता येतात. त्या स्मरणिकेत ‘भिवंडी’ हा शब्द मी शोधला. तो एकदाच सापडला, शेवटच्या पानावर, एका गोदामाच्या जाहिरातीतील पत्त्यात.

परिषदेच्या सभागृहापासून तो कारखाना वाहनाने अर्ध्या तासावर आहे.

या दोन दृश्यांमधील अंतर कसे पडले, ते कोणी पाडले आणि त्याची किंमत कोण मोजत आहे, हे स्पष्टपणे बोलण्याची वेळ आली आहे. ‘उपयोजित’ या शब्दाचा सरळ अर्थ उपयोगात आणलेले असा आहे. आपल्या उच्चशिक्षणात मात्र या संशोधनाचा उपयोग प्रामुख्याने एकाच ठिकाणी होतो आणि ते ठिकाण म्हणजे संशोधकाची पदोन्नती.

हे म्हणणे काहींना कडवट वाटेल. म्हणून थोडा इतिहास पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अट घातली. 2010 मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी गुणांकाची पद्धत आली. निबंध छापला की गुण, परिषदेत वाचला की गुण, पुस्तकात प्रकरण आले की गुण. हेतू चांगला होता; वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवणाऱ्यांना जागे करण्याचा होता. परंतु ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात ताजे नियतकालिक नाही आणि आठवड्याला अठरा-वीस तास शिकवून वर परीक्षांची आणि निवडणुकांची कामे करावी लागतात, तेथील प्राध्यापकाकडूनही शासनाने निबंधच मागितला. मागणी निर्माण झाली की पुरवठा येतो, हा बाजाराचा साधा नियम आहे. पुरवठा आला.

तो कसा आला, याचे दर्शन 2013 मध्ये जगाला झाले. अमेरिकेच्या ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी लिहिणाऱ्या जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगावरील एका कल्पित औषधाविषयी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला खोटा निबंध रचला आणि तो पैसे घेऊन छापणाऱ्या 304 नियतकालिकांकडे धाडला. 157 जणांनी तो स्वीकारला. त्यातील भारतीय हिशेब आपण डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. भारतात तळ असलेल्या नियतकालिकांपैकी 64 नी तो खोटा निबंध स्वीकारला आणि केवळ 15 नी नाकारला. पुढे 2015 मध्ये फिनलंडमधील दोन अभ्यासकांनी अशा बनावट नियतकालिकांचा आढावा घेतला. 2010 मध्ये त्यांत सुमारे 53 हजार निबंध छापले गेले होते. 2014 मध्ये तो आकडा 4 लाख 20 हजारांवर गेला होता.

आपल्या घरातली मोजणी पुण्यात झाली, याचा अभिमान बाळगावा की खेद करावा, हे वाचकांनीच ठरवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. त्यातील 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरावीत, असा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये 2018 च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. ही यादी कोणी चोरट्याने केलेली नव्हती. ती शासनमान्य होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे 2019 मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही गुंडाळल्याचे जाहीर झाले. दरम्यान 2022 च्या नव्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. म्हणजे सोळा वर्षांच्या आत आपण अट घातली, त्या अटीवर बाजार उभा राहू दिला, बाजारावर याद्यांचा बांध घातला, बांध फुटला तेव्हा दुसरा घातला आणि शेवटी अटही काढली, बांधही काढला. मधल्या काळात ज्यांनी पैसे भरून निबंध छापले त्यांच्या बढत्या झाल्या. ज्यांनी लाज वाटून छापले नाहीत ते मागे राहिले. त्यांची भरपाई कोण करणार?

दंतवैद्यकाचे उदाहरण तर करमणुकीचे ठरावे, इतके विदारक आहे. चेन्नईतील एका नामांकित दंतमहाविद्यालयाविषयी 2023 च्या जूनमध्ये ‘सायन्स’ने एक वृत्त प्रसिद्ध केले. पदवीचे विद्यार्थी परीक्षेच्या तासांत संशोधनलेख लिहितात आणि प्रसिद्ध होणाऱ्या लेखांत त्याच संस्थेच्या जुन्या लेखांचे संदर्भ भरभरून दिलेले असतात, असे त्यात म्हटले होते. संस्थेने गैरप्रकाराचा आरोप नाकारला. खरे-खोटे करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु विद्यार्थ्याने रुग्णाचे दात पाहावेत की संदर्भसूची वाढवावी, हा प्रश्न एखाद्या देशात पडतो, यातच पुष्कळ काही आले.

माझ्या परिचयातील एक तरुण अधिव्याख्याता मध्यंतरी घरी आला होता. “काका, हे पाहा,” म्हणत त्याने एक पत्र दाखवले. चार दिवसांत तज्ज्ञांकडून परीक्षण, सहाव्या दिवशी प्रसिद्धी, सोबत रंगीत प्रमाणपत्र. विषय अभियांत्रिकीपासून वित्तशास्त्रापर्यंत कोणताही. मी विचारले, “चार दिवसांत पुलाचे गणित आणि दाताची कीड दोन्ही तपासणारा हा तज्ज्ञ कोण?” तो हसला आणि म्हणाला, “काका, तज्ज्ञ नसतोच. पावती असते.” त्याला दोष देण्याचे धाडस मला झाले नाही. पुढच्या महिन्यात त्याची मुलाखत होती आणि समोरचे कोणीही त्याला त्याने काय शोधले, हे विचारणार नव्हते. किती छापले, एवढेच मोजणार होते.

याच महाराष्ट्रात या चारही शाखांत खरे उपयोजित संशोधन झालेले आहे आणि ते वातानुकूलित सभागृहात झालेले नाही.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमारास एक तरुण डॉक्टर रुजू झाला. नाव हिंमतराव बावस्कर. कोकणातील लाल विंचू चावला की धडधाकट माणूस छातीत पाणी भरून मरत असे आणि पाठ्यपुस्तकात त्यावर उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढल्या, घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचा थंडपणा यांच्या नोंदी तासातासाने केल्या. हृदयावरील परिणामांच्या पूर्वलक्षणांविषयीचे त्यांचे टिपण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना द्यावे, हा त्यांचा उपाय 1986 मध्ये त्याच नियतकालिकात आला. प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर विंचूदंशाचे शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. नंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. ही सगळी सामग्री म्हणजे एक खाट, एक रक्तदाबमापक आणि एक वही. गोळीची किंमत काही रुपये. आज ज्या माणसाला पद्मश्री देऊन आपण गौरवतो, त्याच्याकडे प्रश्न सापडला तेव्हा ना विभागप्रमुख होता, ना अनुदान.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1990 च्या दशकात 39 गावांतील बायकांना नवजात अर्भकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, 47 गावे तुलनेसाठी ठेवली आणि तिसऱ्या वर्षी नवजात अर्भकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवून दिले. पुढे तीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. हे वाचकांना ठाऊक आहे. विस्तार करत नाही.

दंतवैद्यकातले उदाहरण मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते आणि आपल्या मूळ प्रश्नाला ते अगदी लागून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. फली मेहता हे दंतशल्यचिकित्सक त्याचे सूत्रधार. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन 1 लाख 1 हजार 761 माणसांची तोंडे तपासली. तंबाखू कोण कशी खातो, ओढतो आणि त्याच्या गालात, जिभेवर कोणते पांढरे चट्टे दिसतात, याची ती मोजणी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये 1972 साली प्रसिद्ध झाली. पुढे प्रकाश गुप्ता आणि मेहता यांनी देशातील तीन जिल्ह्यांत 36 हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना वर्षानुवर्षे भेटून, समजावून, पुन्हा तपासून सिद्ध केले की माणूस तंबाखू सोडतो, कमी करतो आणि कर्करोगाच्या आधीचे चट्टेही त्याबरोबर घटतात. 1986 च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते आले. गणित जाणणाऱ्यांची संस्था, दाताचे डॉक्टर आणि खेड्यातली ओसरी असा तो त्रिवेणी संगम होता. एक लाख तोंडे! आज एखाद्या महाविद्यालयात शंभर प्रश्नावल्या वर्गातच वाटून, तासाभरात भरून घेऊन ‘सर्वेक्षण’ छापले जाते.

आता पुन्हा भिवंडीच्या त्या धोट्याकडे येऊ. श्वासाने सूत ओढण्याची ही पद्धत आपल्या येथे जन्मलेली नाही. लँकेशायरच्या गिरण्यांतही विणकर हेच करीत. तिकडे डॉक्टरांनी आणि कामगारांनी आक्षेप घेतला की दात झिजतात, किडतात, क्षयासारखे रोग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. इंग्लंडने 1952 मध्ये नियम करून ते हद्दपार करण्यास सुरुवात केली. अभियंत्यांनी हाताने ओवता येईल असा धोटा बनवला. त्याही आधी, 1890 च्या दशकात, कांडी आपोआप बदलणारा आणि सूत आपोआप ओवणारा माग अमेरिकेत बाजारात आला होता. म्हणजे एका वीतभर लाकडी वस्तूत दंतवैद्यक, वैद्यक आणि अभियांत्रिकी एकत्र आली, आणि कारखान्याच्या हिशेबात ते बसवण्यासाठी अर्थशास्त्रही. परिषदेच्या त्या स्मरणिकेत जे चार विषय केवळ पुठ्ठ्याने एकत्र बांधले होते, ते येथे खरोखर एकत्र नांदत होते. आपल्याकडे मात्र शतकानंतरही एखाद्या शेडमध्ये तो जुना धोटा ओठांना लागतोच आहे.

आपले अभियंते बुद्धीने कमी आहेत का? मुळीच नाही. भिवंडीभोवती संस्थांचे कडे पाहा. माटुंग्याच्या व्हीजेटीआयची सुरुवात 1887 ची, तीही यंत्र आणि वस्त्र या विषयांच्या शिक्षणाने. रसायन तंत्रज्ञान संस्था 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघाली आणि वस्त्ररसायन हा तिचा आरंभीचाच विषय. वरळीची सस्मिरा 1950 ची, घाटकोपरची बीटीआरए 1954 ची. दोन्ही वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठीच स्थापन झालेल्या. पवईची आयआयटी 1958 ची. हे सारे भिवंडीपासून तासा-दोन तासांत. मग हा दुरावा का?

कारण संशोधनाची ही घडी गिरणीसाठी बसवलेली होती. अहमदाबादची अटिरा विक्रम साराभाई यांनी 1947 मध्ये उभी केली, ती गिरण्यांच्या बळावर. गिरणीला प्रयोगशाळेची वर्गणी परवडत होती आणि प्रयोगशाळेला आपले म्हणणे ऐकणारा तांत्रिक अधिकारी गिरणीत भेटत होता. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. कापड विणण्याचे काम मुंबईतून भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत गेले. काम आले, प्रयोगशाळा आली नाही. भिवंडीत आधीपासून पाय रोवून असलेला स्थानिक विणकर, तेलंगणातून आलेला पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार, या सर्वांच्या वाट्याला गिरणीने मोडीत काढलेला माग आला. दहा, वीस, चोवीस मागांचा मालक कोणत्या संशोधन संस्थेचा सभासद होणार? त्याच्याकडे अभियंता नाही. मागाची दुरुस्ती करणारा एक फिटर असतो आणि तो सहा कारखान्यांत वाटून घेतलेला असतो.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भिवंडीत यंत्रमाग सेवा केंद्र आहे. 1 एप्रिल 2017 रोजी तत्कालीन केंद्रीय वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांनी भिवंडीतूनच ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा आरंभ केला. त्यात साध्या मागाला जागच्या जागी सुधारण्यासाठी अनुदान होते. ताण्याचा वा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, वंगण न लागणारे नायलॉनचे भाग असे ते साहित्य. कल्पना उत्तम. परंतु योजना आखणे हे शासनाचे काम झाले. बसवलेले साहित्य वर्षभराने किती मागांवर चालू आहे, किती ठिकाणी कामगाराने वैतागून काढून ठेवले, का काढले, कापडातील दोष किती कमी झाले, हे मोजणे कोणाचे काम? याहून चोख ‘उपयोजित’ विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कोठे मिळणार? त्यासाठी परदेशी नियतकालिकाचे शुल्क लागत नाही. एसटीचे किंवा लोकलचे तिकीट लागते.

धागा तुटला की माग थांबावा, ही कल्पना जपानच्या साकिची टोयोडा यांनी 1896 मधल्या आपल्या यंत्रमागात आणली होती. पुढे त्यांचा 1924 चा स्वयंचलित माग इतका सरस ठरला, की ज्यांच्याकडून जग माग विकत घेत असे त्या इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. टोयोटाच्या मोटार-संशोधनामागे माग विणणाऱ्या घराण्याची ही कमाई होती. आपल्याकडेही त्याच काळात स्वदेशीचे वारे होते. पैसा-पैसा गोळा करून लोकांनी पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला 1908 मध्ये काचेचा कारखाना सुरू झाला. तो कारखाना शाळाही होता. काच करायला शिकलेली माणसे त्यातून बाहेर पडली. स्वदेशी म्हणजे नुसती विदेशी कापडाची होळी नव्हे, हे त्या पिढीला कळत होते.

येथे थोडे आपल्या स्वतःकडेही पाहू. आपल्या व्याख्यानमालांत प्राचीन भारताच्या वस्त्रविद्येवर बोलणे होते. आंगठीतून आरपार जाणाऱ्या ढाक्याच्या मलमलीचा उल्लेख आला की श्रोत्यांचा ऊर भरून येतो. माझाही येतो, त्यात गैर काही नाही. पण त्या श्रोत्यांपैकी किती जणांनी भिवंडीचा माग चालताना पाहिला आहे? मुंबई-नाशिक महामार्गावरून जाताना गाडीच्या काचा वर करून आपण त्या गावाला मागे टाकतो. वाहतुकीची कोंडी, कचरा, काळवंडलेली कामवारी नदी आणि दंगलींच्या जुन्या आठवणी, एवढीच भिवंडी मध्यमवर्गीय घरांत बोलली जाते. मलमल विणणाऱ्या हातांचा वारसा सांगायचा आणि आज विणणाऱ्या हातांपासून दूर राहायचे, याला अभिमान म्हणावे की आळस?

वित्तशास्त्राचे काय? भिवंडीतला लहान मालक बहुधा मजुरीने विणतो. सूत व्यापाऱ्याचे, बीम व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. मालकाला मिळतो तो विणाईचा दर. विजेचे देयक दर महिन्याला ठरल्या तारखेला भरावे लागते, कामगाराला पगार ठरल्या दिवशी द्यावा लागतो, आणि विणाईचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, तेही कापडातले दोष कापून. मधली भोके तो उसनवारीने बुजवतो. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते न केल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातील वजावट लांबणीवर टाकावी लागेल, अशी तरतूद 2023 च्या वित्त कायद्याने केली. कागदावर ती विणकराच्या बाजूची. प्रत्यक्षात व्यापाऱ्याने काम नोंदणीकृत लहान उद्योगाकडून काढून दुसरीकडे दिले, की विणाईचा दरच पाडला, की खरोखर वेळेवर पैसे दिले? भिवंडीच्या पन्नास मालकांच्या वह्या वर्षभर पाहिल्या तर उत्तर मिळेल. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाला याहून मोठे ‘वित्तीय संशोधन’ कोणते हवे? शेअर निर्देशांकाच्या आकड्यांवर तेच ते सूत्र पुन्हा चालवून पाहणारे निबंध पुष्कळ झाले.

आणि हेही आपल्या येथे झालेले आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे काही किरकोळ अभ्यासक नव्हते. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. पण लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढायला निघाले, तेव्हा हा अर्थशास्त्रज्ञ नुसता अहवाल लिहून थांबला नाही; कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारून तो शेतकऱ्यांच्या पंक्तीला बसला. 1950-51 च्या पहिल्या गळीत हंगामामागे त्याचा अभ्यास उभा होता. सहकारी साखर कारखानदारीचे पुढे राजकारणाने काय केले, तो वेगळा आणि दुःखाचा अध्याय आहे. असो.

मग करावे काय? ज्यांच्या हातात नियम आहेत, त्यांनी एक साधी गोष्ट करावी. बढतीच्या अर्जात ‘किती निबंध’ या रकान्याशेजारी ‘कोणी वापरले’ हा रकाना ठेवावा आणि तेथे वापरणाऱ्याची, म्हणजे मालकाची, कामगाराची, परिचारिकेची, शेतकऱ्याची सही मागावी. ती सहीही विकत मिळेल, असे कोणी म्हणेल. मिळेल. पण त्या सहीसाठी निदान एकदा तरी भिवंडीला यावे लागेल. संस्थाचालकांनी बाहेरचे पाहुणे बोलावून परिषदा भरवण्याऐवजी जवळच्या एका गल्लीतील कारखाने वर्षभरासाठी दत्तक घ्यावेत. दंतमहाविद्यालयाने पाळी सुटताना दारात उभे राहून तोंडे तपासावीत. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली. गालातला चट्टा बंदीने जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयाने श्रवणचाचणीचे यंत्र घेऊन यावे. कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. बारा तास त्या गोंगाटात उभ्या राहिलेल्या माणसाला घरी नातवाची हाक ऐकू येते का, हे तपासावे. या साप्ताहिकाच्या वाचकांत प्राध्यापक आणि डॉक्टर पुष्कळ आहेत. आयोगाच्या पुढच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे त्यांना कारण नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी तो धोट्याचा प्रश्न मी यंत्र अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांकडे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पहिला प्रश्न विचारला, “यावर पेपर होईल का?” मी गप्प राहिलो. मग तेच थोडे ओशाळले, कपाटातून एक कोरी वही काढून म्हणाले, “धोट्याच्या छिद्राचे माप मिळेल का? माझी अंतिम वर्षाची चार मुले आहेत, रिकामी नाहीत, पण पाठवतो.”

त्या रात्री मी कारखान्याच्या मालकांना दूरध्वनी केला. मागे माग धडधडत होते. तीन वेळा सांगितले तेव्हा त्यांना ऐकू गेले. ते म्हणाले, “पाठवा साहेब. पण शुक्रवारी पाठवा. शुक्रवारी माग बंद असतात, त्या पोरांना आमचं बोलणं ऐकू येईल. आणि त्यांना सांगा, चोवीस म्हणून लिहू नका. तुम्ही येऊन गेल्यावर सहा माग भंगारात दिले.”